माझ्याशी कुणी बोलत नाही

३ सप्टेंबर १९७४
अखेर अमेरिकेत, बेसबॉलच्या मोठ्या संघात. आईला सान पेद्रोला तार केली: आता ऊस तोडायला येत नाही, गल्लीत सांगून टाक.

५ सप्टेंबर
पहिला सामना. तीन फलंदाज आले. तिघांनाही माझे चार-चार चेंडू बाहेर गेले, तिघेही फुकट बेसवर. मग मॅनेजरने मला काढलं. हात तापलाच नव्हता. वेग मात्र जबर, अंपायर दोनदा वाकला.

६ सप्टेंबर
निश्चय: रोज दोनशे चेंडू. रोज दहा इंग्रजी शब्द.

७ सप्टेंबर
हात दुखतो. शब्द दोन झाले, चिकन आणि एग्ज. दोन्ही उपयोगाचे.

१० सप्टेंबर
एकच फलंदाज, होम रन. चेंडू चांगलाच होता, म्हणून तर इतका लांब गेला. वेग माझा, त्याची नुसती बॅट.
माझे चेंडू झेलणारा कॅचर एलिसेओ माझ्याच गावचा, चौदा वर्षं इथे आहे. म्हणाला, वेनान्सिओ, हळू टाक पण प्लेटवर, फलंदाजाच्या पुढ्यात टाक. जळतोय माझ्यावर; वय झालं की माणूस जळतो.

११ सप्टेंबर, दुपार
सकाळपासून माझ्याशी कुणी बोलत नाही. जेवताना बाकावर मी एकटा. मॅनेजर समोरून आला आणि बुटांकडे बघत निघून गेला.
आता कळलं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, भलताच रंगात असला, समोरच्यांना एकही हिट मिळू देत नसला, की संघातले त्याच्याशी बोलत नाहीत. दृष्ट लागते. माझ्यासाठी सामन्याआधीच सुरू केलंय. उद्या सुरुवात माझ्याच हातून, नक्की.
जेवण मात्र खाल्लं नाही.

१२ सप्टेंबर
मॅनेजरने आत बोलावलं. त्याचं इंग्रजी मला समजावून सांगायला एलिसेओ होता. मॅनेजर पाच मिनिटं बोलत होता. एलिसेओ एवढंच म्हणाला, हात सांभाळ म्हणतोय.
एवढ्या बोलण्यात एवढंच?
"बाकीचं मला जड जातंय, पोरा."
मी मॅनेजरला म्हणालो, उद्या तयार आहे. एलिसेओने ते त्याला सांगितलंच नाही.

१३ सप्टेंबर, विमानात
एलिसेओने स्वतः विमानतळावर सोडलं. तिकीट घरचं, एकेरी.
शेजारची बाई आपल्याकडचीच. काय करता, म्हणाली. बेसबॉल, मोठ्या संघात. हंगाम संपला का? माझा संपला, म्हणालो. तिने मुलासाठी सही मागितली. आयुष्यातली पहिलीच, जपून केली.
तिने कागद आडवा-उभा धरून पाहिला आणि विचारलं, नाव काय तुमचं?
सांगितलं. खाली ऊस दिसायला लागला होता.