दोन वेगळी गटारं

कोस्किला, ९ सप्टेंबर १९७४

चि. आर्रे यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि टाक्या-नळांचा नकाशा पोचला. तुझ्या मेहुण्याने, ओइवाने, ताट बाजूला सारून तो टेबलावर पसरला. वाटाण्याचं सूप गार झालं. कागदाचा लगदा पांढरा करून उरलेलं आम्ल तुमच्या गिरणीत नदीत न सोडता, लाकूड शिजवून उरलेल्या काळ्या द्रावावर साबणासारखा थर येतो त्यात घालतात, त्यातून राळेचं तेल काढतात, हे वाचून तो म्हणाला, "तुझा भाऊ दिसतो तितका ढ नाही!" आमची गिरणी ते नदीतच सोडते, नदीत मासा उरला नाही, हे तुला ठाऊकच आहे. मॅनेजरसाहेबांनी तुझ्या नकाशाप्रमाणे टाक्या बसवायला परवानगी दिली.

मला लिहितोस तेवढं एखाद्या मुलीला लिहिलं असतंस, तर एव्हाना भावजय आली असती. स्वीडनच्या थंडीत जप.

तुझी,
हिल्काताई


कोस्किला, २८ नोव्हेंबर १९७४

चि. आर्रे यास आशीर्वाद.

ओइवा गेला.

मंगळवारी सकाळी आम्लाची टाकी भरून वाहिली. खाली ज्या गटारात काळा द्राव सांडतो, त्यातच ते आम्ल गेलं आणि विषारी वायू उठला. तुंबलेलं गटार मोकळं करायला ओइवाच्या पाळीतला कार्लो उतरला होता, तो कोसळला. ओइवा श्वास रोखून खाली गेला, त्याला वर ढकललं. स्वतः वर आला नाही.

शनिवारी दफन आहे. ये.

ताई


नोरविक, २० डिसेंबर १९७४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

मी आलो नाही. बोटीचं तिकीट काढलं होतं, धक्क्यावरून परत फिरलो. तो नकाशा माझ्या हातचा. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? हे पत्र न वाचता चुलीत घातलंस तरी चालेल.

तुझा अपराधी,
आर्रे


कोस्किला, १५ जानेवारी १९७५

चि. आर्रे यास ताईचे आशीर्वाद, आधीपेक्षा जास्तच.

नकाशावर तूच लाल शाईने लिहिलं होतंस, दोन्ही गटारं वेगळी हवीत. ओइवाने ते मला वाचून दाखवलं होतं. पण टाक्या नोव्हेंबरात आल्या, तोवर जमीन गोठली, दुसरं गटार खणता येईना. वसंतापर्यंत थांबायला हवं होतं. "नदीने अजून एक हिवाळा का सोसायचा?" म्हणत त्यानेच चालू करायच्या कागदावर सही केली. मी अडवलं नाही.

चौकशीत सगळे साहेबांवर तुटून पडले. मी उभी राहून खरं ते सांगितलं. कार्लोची बायको ओरडली, "अगं, मेलेल्याला तरी सोड!" दोन आठवडे दुकानात माझ्याशी कुणी बोललं नाही.

मग साहेब म्हणाले, आम्ल पुन्हा नदीतच सोडू. मी म्हटलं, "मग माझा नवरा कशापायी गेला? आधी गटार खणा."

आता जमिनीवर शेकोट्या पेटवून ती मऊ करताहेत. कार्लोला अजून धाप लागते, तरी रोज पहार घेऊन येतो. काल त्याने विचारलं, "वहिनी, नळ कसे जोडायचे ते तुमच्या भावालाच ठाऊक. येईल का हो तो?"

मी म्हटलं, येईल.

मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
हिल्काताई