पहिला प्याला कुणाच्या हातचा

गुन्सान,
६ मे २००१

चि. दोग्यून यास काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी कॅसेट पोचली. दुकानाचं शटर अर्धं ओढून दोन्ही बाजू ऐकल्या. वेष्टनावर तू मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके असं छापलं आहेस. मी घड्याळ समोर ठेवून मोजले, एकशे सत्तावीसच भरतात. छापण्याआधी मोजत जा. नावाच्या जागी नुसतं ‘छे’ दिसलं. आडनाव तरी ठेवलंस, बरं वाटलं.

गाणं मात्र कुठे सापडलं नाही. दादा, म्हणजे तुझे वडील, नि मी हायवेच्या थांब्यांवर विकायला कॅसेटी भरायचो, तेव्हा मीही यंत्रावरच ताल धरत होतो. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ट्रकवाल्याचा डोळा लागता कामा नये एवढं कळत होतं. दादा त्यावर गायचा. तुझ्या तालावर कुणीच गात नाही, याची सवय व्हायला वेळ लागेल.

आता मुख्य गोष्ट. दादाचं पहिलं वर्षश्राद्ध चांद्र पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला. यंदा चौथा महिना अधिक आला आहे, म्हणून इंग्रजी तारीख मागे न सरकता पुढे गेली: ३० जून, शनिवार. तू नेहमीसारखे अकरा दिवस वजा करून मोकळा झाला असशील, म्हणून मुद्दाम लिहितो. शुक्रवारीच ये. दारूचा पहिला प्याला मुलाने ओतायचा असतो आणि तू एकुलता एक आहेस.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते तारीख पाळण्यावर.

तुझा,
ब्योंगसाम काका


सोल, होंगदे
१४ मे २००१

तीर्थरूप काकांना दोग्यूनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

ठोके एकशे अठ्ठावीसच आहेत, काका. तुमच्या टेपचा पट्टा सैल झाला असेल.

बाकी तुम्ही ओळखलंत तेच झालं. मी अकरा दिवस वजा करून श्राद्ध १ जूनला धरलं होतं. त्या शुक्रवारचं एक चांगलं काम त्यासाठीच नाकारलं. आणि ३० जूनला शब्द देऊन बसलो आहे.

सात वर्षं मी इतरांच्या आधी वाजवतो आहे. लोक जमेपर्यंत हॉल गरम ठेवायचा आणि मोठ्या नावाचा माणूस आला की आपली तबकडी उचलून बाजूला व्हायचं. ३० तारखेला पहिल्यांदाच भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांत शेवटी, माझं स्वतःचं संगीत वाजणार आहे. टोकियोहून तबकड्या काढणारे एक गृहस्थ तेवढ्यासाठी येत आहेत आणि रविवारी सकाळी परत जाणार. त्यांना आवडलं तर माझी पहिली तबकडी निघेल. नाही गेलो, तर होंगदेत मला पुन्हा कुणी बोलावणार नाही. इथे शब्द मोडणाऱ्याचं नाव फार लवकर पसरतं.

श्राद्ध एक दिवस आधी करता येईल का? आईला फोन केला होता. तिने तुम्हालाच विचार म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपला,
दोग्यून


गुन्सान,
२० मे २००१

चि. दोग्यून यास आशीर्वाद.

येत नाही. दादा अकराव्या तिथीला पहाटे गेला, म्हणून श्राद्ध आदल्या रात्री, दहाव्या तिथीला; नवव्या तिथीला मी रडलो होतो का? तिथी म्हणजे तुझ्या हॉलचं भाडं नव्हे, मालकाशी बोलून पुढे-मागे करायला.

स्पष्ट लिहितो, मागाहून कुणी सांगितलं नाही असं म्हणू नकोस. त्या दिवशी तू नसलास तर माझा मुलगा सोंगिल प्याला ओतेल. पहिल्या वर्षी जो ओततो, पुढची सगळी श्राद्धं त्याच्याकडे जातात. दादाची, आजोबांची, सगळी. ती परत मागता येत नाहीत. मग तू आमच्याकडे पाहुण्यासारखा येशील, जेवशील, जाशील. सोंगिलला विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला की दोग्यूनदादाच्या जागी उभं राहायला मला लाज वाटेल. त्याला लाज वाटते. तुझं तू बघ.

तबकड्या फिरवणाऱ्याला सोलमध्ये कलावंत म्हणतात असं ऐकलं. आमच्याकडे जात्याला म्हणत नाहीत.

उत्तराची वाट पाहतो.

ब्योंगसाम काका


गुन्सान,
२ जून २००१

चि. दोग्यून, आईचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा तसाच. मासे मीठ लावून वाळत टाकलेत, यंदा मोठे मिळाले.

तुझे काका दुकानात तुझी कॅसेट लावतात आणि गिऱ्हाईक आलं की बंद करतात. टेप उघडून पट्टा बदलला. मग पुन्हा मोजलं आणि एकशे अठ्ठावीस आहेत, पण त्याला कळवू नका, असं मला बजावलं. म्हणून कळवते आहे.

पण त्यावरून ते नमतील असं समजू नकोस. त्यांनी श्राद्धात वाचायच्या प्रार्थनेचा कागद सोंगिलच्या नावाने लिहून ठेवला आहे. मी पाहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझे वडील असते तर काय म्हणाले असते, ते मी सांगणार नाही. जो तो आपल्याला हवं ते त्यांच्या तोंडी घालतो आहे. मला एवढंच हवं, की ‘बघतो’ असं लिहू नकोस. येतो लिही, नाहीतर येत नाही लिही. जेवत जा.

तुझी,
आई


सोल, होंगदे
११ जून २००१

तीर्थरूप काकांना दोग्यूनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी येत नाही. आईने ‘बघतो’ लिहू नकोस म्हणून सांगितलं, तेव्हा आठवडाभर विचार करून लिहितो आहे. प्याला सोंगिलने ओतावा. त्याला म्हणावं, मान खाली घालू नकोस, माझा राग नाही. पुढची श्राद्धं तुमच्याकडे गेली तर मी पाहुण्यासारखा येईन आणि सगळ्यांत मागे वाकेन. ते मी सोसायला तयार आहे. पण शब्द देऊन त्या हॉलमध्ये गेलो नाही, तर मला स्वतःशीच बोलता येणार नाही.

बाबांना मात्र उपाशी ठेवणार नाही. माझी खोली अर्धी जमिनीखाली आहे, खिडकीतून लोकांची पावलं दिसतात, पण एक टेबल मावतं. संध्याकाळी तिथेच मांडणी करेन, वाकेन आणि मग कामाला जाईन. मी कधी एकट्याने मांडलेलं नाही, म्हणून चुका दाखवा: पश्चिमेला मासा, पूर्वेला मांस, पुढच्या ओळीत सुकी बोरं, चेस्टनट, नासपती आणि पीच. बाबांना पीच फार आवडायचे.

याउपर लोभ ठेवावा असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. तरी म्हणतो.

आपला,
दोग्यून


गुन्सान,
१७ जून २००१

चि. दोग्यून यास काकाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फाडणार होतो. पण मांडणी वाचली आणि हात थांबला. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. अगदी उलटं लिहिलं आहेस. आणि पीच? श्राद्धाच्या पानावर पीच कुणी ठेवतं का? पीच पाहून मेलेला माणूस घरात पाऊल टाकत नाही. बापाला जेवायला बोलावून दारातूनच हाकलणार होतास. जिवंतपणी आवडायचे म्हणे. जिवंतपणी त्याला सिगारेटही आवडायची.

हे सगळं नीट लिहून पाठवावं म्हणून बसलो आणि एक अडचण दिसली. दादा एका रात्री दोन घरी जेवू शकत नाही. एक पान इथे, एक तिथे, मग त्याने जायचं कुठे? नियम सरळ आहे: थोरला मुलगा राहतो त्या घरी. तो मला माहीत नव्हता असं समजू नकोस. आजवर तुझं घर म्हणजे इथलंच घर धरत आलो. तुझं घर तिकडे आहे, हे तू या पत्रात पहिल्यांदा लिहिलंस.

तेव्हा शनिवारी आई आणि मी दुपारच्या बसने येतो. मासे, दारू, पितळी भांडी आम्ही आणतो. तू फक्त टेबल पूस आणि उत्तर दिशा कोणती ते होकायंत्राने बघून ठेव, अंदाजाने नको. अंधार पडला की दार थोडं उघडं ठेवून सुरू करू. मी काही वगळणार नाही आणि घाईही करणार नाही, पण तुला वेळेत मोकळं करीन. प्रसादाच्या दारूचा एकच घोट घे, काम आहे. भांडी आई आवरेल.

टोकियोच्या माणसाला तुझं आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. मला अजून पुरतं आवडलेलं नाही. मी हॉलमध्ये मागे भिंतीशी उभा राहून ऐकेन. कुणी विचारलं तर वायरिंग बघायला आलेत म्हणून सांग.

प्रार्थनेच्या पहिल्या ओळीत प्याला देणाऱ्या मुलाचं नाव असतं. सोंगिलच्या नावाचा कागद मी गॅसवर जाळला. सोंगिल शेजारीच उभा होता, त्याने खिडकी उघडली. तुझ्या नावाने नवा लिहून समोर ठेवला आहे, शाई ओली आहे. हात लागू नये म्हणून पत्र इथेच पुरं करतो.

तुझा,
ब्योंगसाम काका