उलटे नंबर पडलेला अल्बम

४ फेब्रु. २००३, मंगळ. ईडन प्रेरी
नाक गळून पडेल अशी थंडी. दुपारी शेजारच्या रूथ आजींकडे (यापुढे रू. आ.; वय शहाऐंशी, जीभ तिखट). मला इथे अमेरिकेत नोकरीची परवानगी नाही, मग फुकटची हमाली. त्यांचे वडील हैफाच्या टेक्निकल कॉलेजच्या पहिल्या विश्वस्तांपैकी, ज्यूंना स्वतःचा देश मिळावा म्हणून चाललेल्या झायोनिस्ट चळवळीतले सुरुवातीचे पुढारी. दोन खोकी कागद, एक अल्बम. पुढच्या गुरुवारी संग्रहालयाचा माणूस नेणार. मी फोटोंना पेन्सिलीनं नंबर घालतेय.

६ फेब्रु.
रू. आ.चे वडील आणि त्यांचे जिवलग मित्र, दोघंही विश्वस्त. कॉलेजात जर्मनमधून शिकवायचं की हिब्रूतून, यावरून फाटलं. नंतर दोघं न्यूयॉर्कला एकाच गल्लीत राहिले आणि मरेपर्यंत बोलले नाहीत. भाषेवरून अबोला! म्हटलं, आजी, हे अगदी आमच्याकडचं. मित्राची मुलगी मिरियम रू. आ.च्याच वर्गात. बोलायला घरून बंदी.
"आता बंदी घालणारं कोण उरलंय?"
"कोणी नाही. सवय उरलीय."

१० फेब्रु.
फजिती! अल्बम हिब्रू पद्धतीचा, उजवीकडून सुरू होणारा. मी आपली डावीकडून नंबर घालत सुटले. त्यामुळे पहिल्या नंबरला भांडणानंतरची बैठक, दोघं टेबलाच्या दोन टोकांना. शेवटच्या नंबरला कॉलेजची पायाभरणी, एकमेकांच्या खांद्यावर हात.
ओरडा खायच्या तयारीत रबर शोधायला उठले. रू. आ.नी हात धरला. माझ्या नंबरांप्रमाणे सगळा अल्बम पाहिला. "तुझ्या हिशेबानं आधी भांडले, मग गट्टी झाली. राहू दे जरा." आणि चक्क रडल्या. मग मलाही... असो. फार जीव जडलाय या बाईवर.

११ फेब्रु.
श्री म्हणाला, "खोडून टाक यार, संग्रहालयवाला कन्फ्यूज होईल." नवऱ्याचं बरोबर आहे. पण रू. आ. ऐकायला तयार नाहीत. जुन्या वहीतून मिरियमचा फ्लोरिडाचा फोन नंबर शोधून काढलाय.

१२ फेब्रु., बुध.
दुपारी फोन केला. मी शेजारी बसून. आन्सरिंग मशीन लागलं. "मिरियम, मी रूथ. आपल्या दोघींच्या वडिलांचा एक फोटो आहे माझ्याकडे. खांद्यावर हात टाकलेला. तू पाहिलायस का गं?" मग आपला नंबर सांगितला आणि फोन ठेवला.
चहा केला, तसाच गार झाला. उद्या दहाला माणूस येतोय, नंबर तसेच. पाच वाजता निघाले तर म्हणाल्या, "थांब ना. वाजला तर मला एकटीला उचलवणार नाही."
थांबले. श्रीला कळवलंय, भात तूच लाव.