दुसरीचं वळण

॥ श्री ॥
सातारा, ता. २० फेब्रुवारी १९९७

ती. स्व. गोपीनाथदादा यांस लक्ष्मीकांतचा शि. सा. न. वि. वि.

यामिनी आणि छकुली खुशाल आहेत. होळी झाली की दोघींना इंदूरला पोचवायचं ठरलं होतं, ते मी मोडलं आहे. मनोरमावहिनींचा भाचा म्हणून, तुमच्या शब्दावर सुजयला मुलगी दिली. तेव्हा कारणही तुम्हालाच लिहितो.

परवा जावईबापूंच्या घराखालच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने रिसीव्हर बाजूला ठेवून त्यांना हाक मारली. ते कुणा मित्राशी बोलत जिना उतरले, फोनवर सगळं ऐकू येतंय याचं दोघांनाही भान नव्हतं. म्हणत होते, भिया, पहिली काहीच नाही, दुसरी काय चीज आहे! लाल रंगात समोर आली की काळीज हलतं, आणि वळण तर बघतच राहावं तिचं. आज पुन्हा जाणार, बायको माहेरी आहे, विचारणारं कोण? मी फोन ठेवून दिला.

त्यांची मिल बंद पडली, ते मी समजून घेतलं. नशिबाचे फेरे म्हटलं. पण तान्ही लेक असताना दुसरी? आणि वर तिच्या वळणाचं कौतुक! यांना स्वतःला काही वळण असतं तर ही वेळ आली नसती.

यामिनीला अजून बोललो नाही. तुमचं पत्र येईपर्यंत ती माझ्या दारातून हलणार नाही. आपल्यातला लोभ जुना आहे, त्याला डाग लागू नये एवढीच विनंती.

आपला,
लक्ष्मीकांत


॥ श्री ॥
परदेशीपुरा, इंदूर, ता. २७ फेब्रुवारी १९९७

चि. लक्ष्मीकांत यास गोपीनाथचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मनोरमेलाही वाचून दाखवलं. मनोरमा म्हणाली, माझा भाचा असा नाही. मग म्हणाली, पण बाई, आजकाल शर्टाला इस्त्री फार असते त्याच्या.

तेव्हापासून माझ्याही डोक्यात किडा शिरलाय बघ. सुजय सकाळी कामाच्या शोधात फिरतो, हे खरं. पण दुपार झाली की भांग पाडून निघतो आणि परत येतो तो चेहरा एकदम फुललेला. मिलच्या गेटला टाळं लागल्यापासून आमच्या गल्लीत फुललेला चेहरा कुणाचा नाही. मग याचाच कसा? काल सहज विचारलं, तर असाच राजवाड्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला आणि चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या!

मी चारच बुकं शिकलेला माणूस, पण धूर दिसला की चूल शोधावी एवढं कळतं. उद्या त्याच्या मागे जातो. तू मात्र दूध उकळायच्या आधीच भांडं उतरवू नकोस. मुलीजवळ तोंड उघडू नको.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
गोपीनाथदादा


॥ श्री ॥
इंदूर, ता. ३ मार्च १९९७

चि. लक्ष्मीकांत यास गोपीनाथचे अ. उ. आ.

दुसरी सापडली. आधी पाणी पी आणि मग पुढचं वाच.

सुजय पुढे, मी मागे, असे राजवाड्यापर्यंत गेलो. तो एका टॉकीजच्या गर्दीत घुसला. मला वाटलं, बाई इथेच भेटणार. तिकीट काढून मीही आत शिरलो. बाई कुठली! तो एकटाच, अगदी पडद्याजवळ, भोंग्याच्या पुढ्यात बसलेला. पिक्चर विलायती, पण बोलणं हिंदीत केलेलं. मोटारींच्या मारामारीची पिक्चर, पार्ट टू. पहिल्या भागात म्हणे हिरोची लाल मोटार पुलावरून नदीत जाते. या दुसऱ्यात ती गाळातून ओढून काढतात. सगळे म्हणतात, भंगारात द्या. तो ऐकत नाही.

अरे, इंदुरात आम्ही हिंदीसारखं ‘पिक्चर लागली’ म्हणतो! ‘पिक्चर’ तुमच्याकडे ‘तो’, आमच्याकडे ‘ती’. म्हणून पहिली आणि दुसरी. आणि वळण घेते ती मोटार. तू साताऱ्याच्या कानाने इंदूरचं बोलणं ऐकलंस, एवढाच घोटाळा.

तरी शंका राहिलीच. एकच पिक्चर माणूस रोज का बघतो? मग मी नीट बघितलं. हिरो चावी फिरवतो, मोटार खोकते आणि बंद पडते. पुन्हा फिरवतो, पुन्हा बंद. आख्खी टॉकीज श्वास धरून बसलेली. आणि मग ती जी घरघरते, लक्ष्या, खुर्ची हलली माझी! मागांच्या खात्यात अशीच जमीन हलायची. माझा उजवा कान मिलनेच खाल्लाय, त्यालाही ऐकू आलं. शिट्या वाजवणाऱ्यांकडे वळून बघतो तर निम्मे चेहरे आपल्याच मिलचे. मीही टाळ्या वाजवल्या, मनोरमेला कळवू नको.

इंटरवलला सुजयने मला गाठलं आणि कचोरी हातात ठेवली. मान खाली. चोरून का येतोस म्हणून विचारलं. म्हणाला, मिल बंद झालेल्या माणसाने पिक्चरला जातो हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरी यामिनी नाही, छकुली नाही, मिलच्या साच्यांचा खडखडाटही नाही. शांतता कानाला टोचते. सुटल्यावर सरळ घरी गेला. मी कोपऱ्यापर्यंत मागे होतो, खात्री केली.

आता होळीचं ठरलं ते पाळ. मुलीला धाड.

तुझा,
गोपीनाथदादा


॥ श्री ॥
सातारा, ता. १० मार्च १९९७

ती. गोपीनाथकाका यांस यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुमची दोन्ही पत्रं आज माझ्यापुढे टाकली. मी हसले म्हणून रागावले. इंदुरात पिक्चर खरंच ‘ती’ असते का, हे फिरून फिरून विचारतात. मी म्हटलं, लग्न होऊन इंदूरला गेले तेव्हा मीही हसायचे, आता माझ्याच तोंडात बसलंय, आई सतत सुधारत असते. तरी बाबांना वाटतं, तुम्ही भाच्याला पाठीशी घालताय. पिक्चर सुटल्यावर कोपऱ्याच्या पुढे काय झालं, ते काकांनी कुठे बघितलं, म्हणतात!

काका, मला बाईची शंका नाही. राग वेगळाच आहे. मी माहेरी निघाले त्या आठवड्यात याच पिक्चरचं पोस्टर लागलं होतं. जोडीने बघू, तोवर मी तिकडे फिरकणार नाही, असं हे म्हणाले होते. प्रत्येक पत्रात छकुलीचे दात विचारतात, पण पिक्चरचं एका अक्षराने नाही. शांतता टोचते, हे मला का नाही लिहिलं? तुम्हाला कचोरी देऊन सांगितलं, मला पोस्टकार्डावरही नाही!

म्हणून होळीची वाट बघत नाही. शनिवारी पोचते. बाबा सोडायला येतायत. नात नीट पोचावी म्हणून, असं सांगतात. पण टॉकीज कुठली, दुपारचा खेळ किती वाजता, हेही विचारून झालंय. छकुलीला काकूंकडे ठेवून मी परस्पर टॉकीजच्या दारात उभी राहणार आहे. मला बघून यांचा चेहरा फुलतो की पडतो, एवढं मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. मग आत जाऊ की भांडू, ते तिथेच ठरेल.

यांना चुकूनही कळवू नका. लोभ उघडा ठेवा, तोंड बंद ठेवा.

आपली,
यामिनी