काचेमागची जोडी

खालापूर,
ता. ६ मार्च १९६७

ती. आक्कांना, हिरूचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही मायलेकी इकडे सुखरूप आहोत. तिकडलं कुशल कळवावं.

मी भिसेगावाहून तडकाफडकी माहेरी आले, हे तुमच्या भावाने नेरळला येऊन सांगितलंच असेल. का आले, ते सांगितलं नसणार. कर्जतच्या बाजारात शेजारची धोंडूबाई भेटली. हसत म्हणाली की नवऱ्यासंगं फोटो काढलास आन् आमाला बोलली नायस, स्टेशनाजवळच्या स्टुडिओत काचेत लावलाय, पण तू काय वळखू येत नायस. ओळखू कशी येणार? त्या स्टुडिओत मी कधी पाऊलच ठेवलेलं नाही.

जाऊन पाहिलं. हे कोट घालून खुर्चीत बसलेले आणि मागे एक बाई उभी, हात यांच्या खांद्यावर. बाई मला ठाऊक नाही, कोट आमच्या घरातला नाही. सारं कर्जत त्या काचेपुढून भाजी घेऊन जातं, आक्का! लग्न झाल्यापासून मी एक फोटो काढू म्हणते, तर यांचं ठरलेलं उत्तर, कशाला नसता थाट. घरी विचारलं तर चेहरा उतरला, आणि नंतर सांगतो म्हणून ड्यूटीवर निघून गेले. मी त्या 'नंतर'साठी थांबले नाही.

हे काय प्रकरण आहे, तुम्हीच सांगा. जया आत्याची आठवण काढते. लोभ कमी करू नये.

तुमची,
हिरू


नेरळ,
ता. ११ मार्च १९६७

चि. सौ. हिरूस, पुतळाबाईचे आशीर्वाद. जयाला गोड पापा.

तू म्हणजे अगदी तापलेला तवा गं! दामू इथे येऊन गेला. अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. स्वतः रांधतो म्हणे, म्हणजे काय रांधत असेल ते तुला मी सांगायला नको.

फोटोचं इतकं मनावर घेऊ नकोस. स्टुडिओवाले कुणालाही कुणाशेजारी उभं करतात. माझा भाऊ तसला नाही, आणि जनीही कधी त्या वळणाची नव्हती. लोक आज बोलतील, उद्या विसरतील. तू आपली मुकाट्याने परत ये, आणि मी हे लिहिलं ते त्याच्याकडे बोलू नकोस. माया आहे ती ठेव.

तुझी,
आक्का


खालापूर,
ता. १५ मार्च १९६७

श्री. दामोदर सखाराम गायकवाड यांस, हिरूचा जयभीम. कुशल विचारायची रीत आहे म्हणून विचारते.

आक्कांच्या पत्रात जनी हे नाव आलं आहे. मी त्यांना कुणाचंच नाव कळवलं नव्हतं, मला ते ठाऊकच नव्हतं. म्हणजे ही बाई तुम्हा भावाबहिणीला चांगली माहीत आहे, आणि आजकालची नाही. आता मला मागचं सगळं आठवतं. मध्ये एक दिवस ड्यूटीवरून आलात आणि न जेवता निजलात. पोट बिघडलं समजून मी ओव्याचं पाणी करून दिलं. माझ्यासारखी खुळी मीच.

भाऊ कर्जतला येऊन जाब विचारतो म्हणतो, त्याला मी थांबवून धरलं आहे. जयाला इथल्याच शाळेत घालावं असं माझ्या मनात आहे. खरं लिहायचं असेल तर लिहा, नसेल तर पोस्टाचं तिकीट फुकट घालवू नका. लोभाचं तुमचं तुम्ही ठरवा.

हिरू


भिसेगाव,
ता. १९ मार्च १९६७

सौ. हिरूस, दामूचा जयभीम. वि. वि. माझं कुशल विचारू नकोस.

जनी ही नामाची बायको. नामा रेल्वेत माझ्याबरोबर खलाशी होता, पावसाळ्यात काविळीने गेला. त्याच्या मातीला चौक गावी मी एकटाच गेलो होतो, तू जयाच्या गोवरात अडकली होतीस. जनीला नवऱ्यासोबतचा फोटो हवा होता, मुलीला आईबाप एकत्र दिसावेत म्हणून. नामाचा फोटो एकच, रेल्वेच्या पासावरचा, गळ्यापर्यंतचा. स्टुडिओवाला पोपटशेठ म्हणाला की खुर्चीत त्याच्या अंगलटीचा माणूस बसवा, कोट मी देतो, वर चेहरा मागाहून नामाचा चिकटवतो. अंगाने मी नामासारखा, म्हणून बसलो. हात खांद्यावर ठेवायला त्यानेच सांगितलं. चेहरा बदलण्याआधीची प्रत त्याला आवडली, ती त्याने मला न विचारता काचेत लावली. भांडून काढायला लावली. पुरा झालेला फोटो जनीकडे पोचला आहे.

एवढंच असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. तुझ्याआधी मला जनीचं स्थळ आलं होतं. मी पाहून आलो, मला ती आवडली होती. वडिलांनी मोडलं, मग ती नामाला दिली. आक्काला हे माहीत आहे. खुर्चीत बसल्यावर मनात काही आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. म्हणूनच त्या दिवशी जेवण गेलं नाही. याच्यापलीकडे काही नाही, हिरू. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
दामू


खालापूर,
ता. २४ मार्च १९६७

जयाचे बाबा यांस, हिरूचा जयभीम. वि. वि.

पत्रावर माझा विश्वास बसला नाही. इतकं नीट जुळणारं कारण कुणीही रचू शकतं. म्हणून काल जयाला आईपाशी ठेवलं आणि एस.टी.ने चौकला गेले, भांडायच्या तयारीनेच.

जनी पाणी आणायला आत गेली तेव्हा भिंतीकडे पाहिलं. फोटोत चेहरा नामाभाऊंचा आहे, तुमचं म्हणणं खरं. पण खाली सगळे तुम्हीच. मांडीवरचे हात तुमचे, अंगठ्याचं दुभंगलेलं नख तुमचं, अवघडून बसायची तऱ्हा तुमची. आणि फोटोला हार घातला होता. ताजा झेंडूचा हार, बरोबर तुमच्या छातीवर आलेला.

शकुन-अपशकुन आपण दीक्षा घेतली त्या दिवशीच सोडले, आईलाही मीच शिकवते. पण मला घेरी आली. भांडण कुठल्या कुठे गेलं. मी रडत रडत तिला म्हटलं की तो हार काढा, हे माझं माणूस आहे, जितं आहे. तिने फोटोतल्या हातांकडे पाहिलं, मग तिला कळलं. तिने हार काढला, फोटोही उतरवला. म्हणाली की मुलीपुरता पेटीत ठेवीन, भिंतीवर पासावरचाच लावीन. बिचारीकडे तेवढंच होतं, तेही मी उतरवायला लावलं. ते मला फार लागलं आहे.

तुमचं ते जुनं स्थळ वाचून राग आला, अजून आहे. तिचा तुमच्या खांद्यावरचा हातही मी जवळून पाहिला, आणि तो कुठल्या मनाने ठेवला होता ते तिला विचारलं नाही. सगळी शंका फिटली असं मी लिहिणार नाही. पण हार दिसला तेव्हा क्षणभर वाटलं, हे दुसऱ्या कुणाचे असले तरी चालतील, पण असू देत.

तसं चालणार नाही, हे आता शुद्धीवर येऊन लिहिते. रविवारी आम्ही दोघी येतो, एस.टी. स्टँडवर या. लोभ माझ्यापुरताच असावा.

तुमची,
हिरू