यादीतलं चौदावं काम

१२ जून
क्लोतिल्दचा फोन. ही माझी बायको, फेब्रुवारीपासून ल्योंला तिच्या बहिणीकडे आहे. भांडून नाही गेली, हवापालट म्हणून गेलीय. असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे मान डोलावतात. आज म्हणाली, फेर्नां, लग्नाला चौतीस वर्षं झाली, आपण धड कुठे गेलो नाही. दोन दिवस दिजोंला जाऊ, द्राक्षमळे बघू, मग मी घरी यायचं की नाही ते ठरवते.
'ठरवते'वर जरा अडखळलो. पण म्हटलं, मी अडतीस वर्षं या लील शहराच्या बसची वेळापत्रकं आखली, मला दोन दिवसांचं काय घेऊन बसलीस! तिची अट एकच. आधी मला एकदा विचार, मला काय करायला आवडेल. एवढंच ना? विचारीन की.

१३ जून, सकाळी ७
नवी वही. कामांची यादी. तारीख, तिकिटं, हॉटेल, छत्री वगैरे. चौदावं काम: क्लोतिल्दला विचारणे. शेवटी घेतलंय, कारण आधी बेत पक्का हवा. नाहीतर विचारणार काय, कप्पाळ?

२४ जून
बाल्कनीत कुंडीतल्या द्राक्षवेलाला फुलोरा! आजोबा सांगायचे, फुलापासून शंभराव्या दिवशी तोडणी. बोटांवर मोजलं, २ ऑक्टोबर येतो. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला मळेवाले निवांत. तारीख ठरली: ५ सप्टेंबर.
शेजारचे मस्यू पोतिए म्हणाले, अहो, हा वेल लीलचा, जन्म पावसात गेला त्याचा. तिकडचं ऊन वेगळं. ज्या माणसाला टोमॅटो जगवता येत नाहीत त्याने द्राक्षांवर बोलू नये.

८ जुलै
वेळापत्रक तयार. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे. ११.१५ मळ्यात आगमन. १२.१५ मोकळ्या गप्पा. १२.३० मौन, एकमेकांकडे पाहणे. १.१५ काम क्र. १४.
क्लोतिल्दने फोनवर विचारलं, काय ठरवतोयस? म्हटलं, सरप्राइझ! बराच वेळ गप्प होती. आनंद झाला असावा.

३ ऑगस्ट
मळेवाल्या मादाम बोर्गारना फोन लावला. उचलत नाहीत. ऑगस्टमध्ये या देशात सगळे सुट्टीवर, फोन उचलतो कोण? निरोप ठेवला: ५ तारखेला, ११.१५, दोघं.

१९ ऑगस्ट
बाईंचं उत्तर नाही. नकार नाही म्हणजे होकारच.

२० ऑगस्ट
मेहुणीचा फोन. आन्येसला नको तेव्हा नको ते बोलायची हौस. भावजी, तिला काही विचारलंत का? म्हटलं, यादीत आहे. म्हणाली, कितव्या नंबरवर? फोनला रेंज नव्हती. म्हणजे मीच ठेवला.
खरं सांगायचं तर घर खायला उठतं. तिचा एप्रन अजून खिळ्यावर लटकतोय. मी दोन कप कॉफी करतो आणि दोन्ही पितो. ती आली नाही तर? नाही, येईल. वेळापत्रकात परतीची दोन तिकिटं आहेत.

२ सप्टेंबर
मादाम बोर्गारचा निरोप: येऊ नका, ५ तारखेलाच तोडणी सुरू होतेय, मरायला फुरसत नाही. बाईंचा घोटाळा झालाय. माझी द्राक्षं अजून मटारासारखी हिरवी आहेत. खात्रीसाठी एक चावून पाहिलं. दात आंबले.

५ सप्टेंबर, सकाळी १०.२०, दिजों स्टेशन
क्लोतिल्द भेटली. केस बारीक कापलेत. छान दिसते. सांगणार होतो, पण १०.३० ची बस होती. सांगायचं राहिलं.

त्याच दिवशी, दुपारी १२.४०
मळाभर माणसं आणि बादल्या. मादाम बोर्गार, साठीची दणकट बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, मस्यू, नको म्हटलं होतं ना? वाइन चाखवायला वेळ नाही. दोन माणसं कमी आहेत, या घ्या कात्र्या. मी बाईंना शंभर दिवसांचं गणित समजावलं. म्हणाली, आमच्याकडे फुलोरा मे महिन्यातच येऊन गेला, तुम्ही कुठे होतात?
क्लोतिल्दने कात्री घेतली. मी वेलांची अर्धी ओळ केली आणि कंबर धरली. आता पालथ्या बादलीवर बसून लिहितोय. वेळापत्रकाप्रमाणे मौन चालू आहे. मी तिच्याकडे पाहतोय. ती द्राक्षांकडे.

दुपारी २.३०
लांबलचक टेबलावर सगळ्यांचं एकत्र जेवण. क्लोतिल्द अनोळखी लोकांत बसून खदखदून हसत होती, हात जांभळे, केसांत पान. हे हसणं मी विसरलोच होतो. १.१५ झाले. आता विचारू म्हणून घसा खाकरला, तेवढ्यात माझ्या ताटलीत रस्सा वाढला. गरम होता. आधी खाऊन घेतलं.
मग मादाम बोर्गारने पाव कापता कापता तिला सहज विचारलं, काय हो, तुम्हाला काय करायला आवडेल?
क्लोतिल्द म्हणाली, इथे राहायला. तोडणी संपेपर्यंत तरी.
बाई म्हणाली, वरच्या खोलीत खाट आहे.
मी म्हणालो, अगं, मी विचारणारच होतो! ती म्हणाली, हो रे फेर्नां, माहीत आहे मला. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

६ सप्टेंबर, परतीच्या गाडीत
शेजारच्या सीटवर वही ठेवलीय. तेरा कामांपुढे बरोबरची खूण झाली. चौदाव्यापुढे करायला गेलो. प्रश्न विचारून झाला, उत्तरही मिळालं. पण पेन पुढे सरकेना.

२ ऑक्टोबर
शंभरावा दिवस. कुंडीतली द्राक्षं तोडली. अकरा निघाली. आंबट.
तोडणी केव्हाच संपली असणार. मेहुणीला फोन केला. म्हणाली, ती मळ्यातच आहे, तळघरात वाइनच्या कामाला लागलीय. म्हटलं, घरी कधी येणार? म्हणाली, भावजी, ते तिलाच विचारा.
बरोबर आहे. आता चालढकल नाही. नवी वही, नवी यादी. पहिलंच काम: क्लोतिल्दला विचारणे.
फक्त काय विचारायचं, कोणत्या शब्दांत, ते आधी नीट ठरवायला हवं. म्हणून ते एकवर घेतलं आणि तिला विचारणं दोनवर. चौदावरून दोनवर. प्रगती आहे.