मनुआक्काचं पाचवं शील

बोरगाव,
ता. २७ सप्टेंबर १९८१

ती. भीमसेनअण्णा यांस,
धाकट्या लतिकाचा सविनय जयभीम. वि. वि.

वहिनीच्या हातची चटणी पोचली आणि संपलीही. बरणी परत मागू नये म्हणावं.

आपली मनुआक्का सातव्या महिन्यात आहे. तरी रोज निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाते. कंबर धरते म्हणून सकाळी आणि दुपारी अफूची गोळी घेते. मी रागावले, तर म्हणाली की मला काय हौस न्हाय, गोळीबिगर दिवसभर बसवत न्हाय. माझ्या यादीतल्या आणखी पाच गरोदर बायका घेतात. तान्ह्यांनाही नखभर चाटवून निजवतात. निपाणी-बेळगावला डॉक्टरांना दाखवा म्हटलं की रोज बुडतो म्हणतात.

म्हणून तर इथल्या दवाखान्यात दोन खाटा आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई मागितल्यात. अर्ज तुमच्याच कचेरीत आहे. तो हलवा. आणि आक्काला तुम्हीच समजवा. गावाला मी नर्सबाई, तिला अजून शेंबडी लती.

मुलांना पापे. माया आहेच, ती राहू द्या.

आपली,
लतिका

बेळगाव,
ता. ११ ऑक्टोबर १९८१

चि. लतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला तू लसीकरणाला गेली होतीस, म्हणून भेट झाली नाही. पण काम फत्ते! आक्काला विहारात नेलं आणि बुद्धमूर्तीसमोर पाचवं शील म्हणवून घेतलं, नशापाणी न करण्याचं. पदरातली पुडी तिनं स्वतःच्या हातानं चुलीत टाकली. माझा ऊर भरून आला गं.

अर्जातला ‘अफू’ शब्द खोडून मी ‘अशक्तपणा’ लिहिलं. आपल्या बायकांची नावं त्या शब्दाशेजारी कचेरीभर फिरलेली मला सोसणार नाहीत. साहेब म्हणाले, अशक्तपणाला लोहाच्या गोळ्या पुरतात, खाटा कशाला? पुढं बघू.

बरणी पाठव, नाहीतर वहिनी मला घरात घेणार नाही. जपून राहा.

तुझा,
अण्णा

बोरगाव,
ता. १९ ऑक्टोबर १९८१

ती. अण्णा यांस,
जयभीम.

कसं लिहू कळत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आक्काला जांभया, उलट्या, पोटात मुरडा. मला वाटलं, अंगातलं विष उतरतंय, दोन दिवसांत निभेल. सासू गोळी घेऊन बसली, तरी आक्कानं तोंड उघडलं नाही. म्हणाली की अण्णाला शब्द दिलाय. पाचव्या दिवशी पोटातलं हलायचं थांबलं. बैलगाडीनं निपाणी गाठली. मुलगी झाली, मेलेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गरोदर बाईची अफू अशी एकदम तोडायची नसते, पोटातल्या जिवाला धोका असतो. दवाखान्यात ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू कमी करायची असते. आधी का आणली नाही, असं त्यांनी मला विचारलं. अण्णा, मी नर्स आहे. मला हे ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला मीच बोलावलं होतं.

आता गुणाबाईही शील घ्यायचं म्हणते. तिचे दिवस डिसेंबरात भरतात. आक्का कुणाला दोष देत नाही. एवढाच निरोप आहे: अण्णाला सांग, मी शील मोडलं न्हाय.

लतिका

बेळगाव,
ता. २ नोव्हेंबर १९८१

चि. लतिका,

अर्ज मागवून घेतला. ‘अशक्तपणा’ खोडला, ‘अफू’ लिहिलं. साहेबांनी पुरावा मागितला, तेव्हा मनुआक्काचं नाव घातलं आणि पुढं ‘माझी सख्खी बहीण’ असं लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि अर्ज ठेवून घेतला. खाटा कधी मिळतील, सांगवत नाही.

गुणाबाईला काही सोडायला लावू नकोस. तिला इकडं घेऊन ये. वहिनीनं आतली खोली रिकामी केली आहे, इथल्या इस्पितळात मी रोज नेईन. बाकीच्या चौघींनाही एकेक करून आण. वहिनी म्हणते, जेवणाची काळजी तू करू नकोस.

आक्काच्या निरोपाला उत्तर लिहायला तीनदा बसलो. विहारात मी घाईत होतो, शेवटची गाडी चुकेल म्हणून. पहिली चार शीलं गाळून तिच्याकडून थेट पाचवं म्हणवून घेतलं. पहिलं जीवहिंसा न करण्याचं आहे, लतिका. ते तिच्याबरोबर मी म्हणायला हवं होतं.

राग असला तरी पत्र टाकत राहा.

तुझा,
अण्णा